जेएलएच क्लास ए अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बदल: कोणता आधी, कोणता शेवटी

घरी बनवलेला जेएलएच (जॉन लिन्स्ली हूड यांच्या नावाची आद्याक्षरे) वाजायला लागला की महिन्याभरात हात शिवशिवायला लागतात. पहिल्यांदा महागडे कपॅसिटर येतात, मग कोणीतरी सुचवलेले जोरदार आउटपुट ट्रान्झिस्टर, आणि मग एका संध्याकाळी हीटसिंकला, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्याला, हात लावता येत नाही, एक चॅनेल गुणगुणतो, दुसरा गप्प होतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या बहुतेक बोर्डांवरचे बदल तसे बरोबरच होते. क्रम मात्र चुकला होता. या सर्किटमध्ये एक गोष्ट बदलली की करंट बदलतो, करंटबरोबर उष्णता बदलते, आणि उष्णतेने पुन्हा करंट. म्हणून आधी उष्णता, मग सप्लाय, मग ट्रान्झिस्टर, मग बायस. कपॅसिटर शेवटी.

इथे गृहीत धरलेले सर्किट म्हणजे जॉन लिन्स्ली हूड यांचे एप्रिल १९६९ च्या 'वायरलेस वर्ल्ड'मधले: चार ट्रान्झिस्टर, एकच सप्लाय, आउटपुटला कपॅसिटर. ८ ओहमच्या स्पीकरसाठी मूळ आकडे असे: २७ व्होल्ट, १.२ अँपिअर, बूटस्ट्रॅपमधले (आउटपुट ट्रान्झिस्टरांना बेस करंट पुरवणाऱ्या जोडणीतले) दोन रेझिस्टर १०० आणि ५६० ओहम, आउटपुट कपॅसिटर २५०० मायक्रोफॅरड, फीडबॅक २.७ किलोओहम आणि २२० ओहम, म्हणजे गेन साधारण १३ (आउटपुट इनपुटच्या तेरा पट). तयार मिळणाऱ्या बोर्डांवर किमती थोड्या वेगळ्या असतात. तुमच्या बोर्डावर काय आहे ते आधी पाहून घ्या.

टप्पा १: हात लावण्याआधी मोजून लिहा

वही घ्या आणि दोन्ही चॅनेलचे आकडे वेगवेगळे लिहा. इनपुट शॉर्ट करा, स्पीकर काढून ८ ओहम २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा आणि अ‍ॅम्प्लिफायर एक तास चालू ठेवा. मग हे मोजा:

१. सप्लायचा डीसी व्होल्टेज, आणि मीटर एसीवर टाकून त्याच जागी रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली एसीची लाट.
२. मध्यबिंदूचा व्होल्टेज, म्हणजे आउटपुट कपॅसिटरच्या आधीचा. २७ व्होल्टला तो १३.५ च्या आसपास हवा.
३. बायस करंट, म्हणजे सिग्नल नसताना वाहणारा करंट.
४. खोलीचे तापमान आणि हीटसिंकचे तापमान.
५. भिंतीच्या सॉकेटवरचा एसी व्होल्टेज. हा आकडा बहुतेक जण लिहीत नाहीत. तो का लागतो ते टप्पा ३ मध्ये येईल.

करंट मोजायला मीटर सिरीजमध्ये घालू नका. पिन निसटली की चॅनेल झटक्यात बंद-चालू होतो. त्याऐवजी प्रत्येक चॅनेलच्या पॉझिटिव्ह तारेत ०.१ ओहम ५ वॅटचा रेझिस्टर कायमचा बसवा. त्याच्या दोन टोकांवर १२० मिलिव्होल्ट दिसले की करंट १.२ अँपिअर.

*सावधान:* मुख्य कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेले राहतात. त्यांच्यावर २.२ किलोओहम २ वॅटचा रेझिस्टर कायम असू द्या, आणि तरीही काम करण्याआधी व्होल्टेज मोजा. कॅबिनेट धातूचे असेल तर अर्थिंग थेट स्क्रूने घट्ट बसवलेले हवे.

टप्पा २: हीटसिंक

हिशोब साधा आहे. २७ गुणिले १.२ म्हणजे ३२.४ वॅट, प्रत्येक चॅनेलचे, संगीत चालू असो वा नसो. दोन चॅनेल मिळून ६५ वॅट. मूळ आकडे इंग्लंडच्या हवेत जमले असतील. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात खोलीतच ४० च्या वर पारा असतो. हीटसिंक ६५ अंशांच्या पुढे जाऊ द्यायचे नाही असे ठरवले, तर ४० अंशांच्या खोलीत वाढीला २५ अंश उरतात. २५ भागिले ३२.४, म्हणजे प्रत्येक चॅनेलला ०.७७ अंश प्रति वॅट किंवा त्याहून चांगले हीटसिंक हवे. खोली ४५ ला जात असेल तर ०.६२.

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिला सेट मी डिसेंबरात बसवला. हीटसिंक ५२ अंशांवर थांबत होते, म्हणून निर्धास्त राहिलो. मे महिन्यात तेच हीटसिंक ८० च्या जवळ गेले आणि बायस करंट पाव अँपिअरने वर सरकलेला सापडला. हिवाळ्यात हीटसिंकचे तापमान पाहून काहीच कळत नाही. खोलीपेक्षा ते किती अंश वर गेले एवढाच आकडा कामाचा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळणाऱ्या हीटसिंकवर क्षमता लिहिलेली नसते, आणि भंगारातल्या यूपीएसच्या हीटसिंकवर तर काहीच नसते. म्हणून घरीच तपासा:

१. अ‍ॅल्युमिनियमच्या खोळीतला १० ओहम ५० वॅटचा रेझिस्टर पेस्ट लावून हीटसिंकवर स्क्रूने घट्ट बसवा.
२. त्याला १९ व्होल्टचा जुना लॅपटॉप अ‍ॅडॉप्टर जोडा, निदान अडीच अँपिअरचा. १९ चा वर्ग भागिले १०, म्हणजे ३६ वॅट.
३. हीटसिंकच्या पट्ट्या (फिन) उभ्या दिशेत ठेवा, छताचा पंखा बंद करा आणि दोन तास थांबा.
४. तापमानातली वाढ भागिले ३६. वाढ २५ अंश आली तर हीटसिंक ०.७ चे आहे.

छताचा पंखा चालू ठेवून आलेला आकडा धरू नका, तो खऱ्यापेक्षा फार चांगला दिसतो. आणि अ‍ॅम्प्लिफायर टीव्हीच्या शोकेसच्या बंद कप्प्यात जाणार असेल तर चाचणीही त्याच कप्प्यात करा.

टीओ-३ (धातूच्या मोठ्या कवचातल्या) ट्रान्झिस्टरचे कवच म्हणजे कलेक्टर. एकावर २७ व्होल्ट असतात, दुसऱ्यावर १३.५. अभ्रकाची चकती, दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ थर, स्क्रूला प्लास्टिकची बुशी, आणि हीटसिंकच्या भोकांच्या कडा आधी कानसून गुळगुळीत. धातूचा एक बारीक कण चकतीला भोक पाडायला पुरतो.

*तपासणी:* वायर जोडण्याआधी कवच आणि हीटसिंक यांच्यामध्ये मीटरने अनंत रोध दिसलाच पाहिजे. स्क्रू पूर्ण आवळल्यावर पुन्हा पाहा.

याच वेळी हीटसिंकवर ७५ अंशांचा थर्मल स्विच बसवा, एरवी करंट जाऊ देणारा आणि तापला की तोडणारा, २५० व्होल्ट चालणारा. तो ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत सिरीजमध्ये जातो. स्वस्त वस्तू आहे आणि पुढच्या सगळ्या टप्प्यांत तुमच्या पाठीशी राहते.

टप्पा ३: सप्लाय

बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे. क्लास ए सतत पूर्ण करंट ओढतो, त्यामुळे रिपलही सतत असतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ, ब्रिजनंतर (एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडनंतर) १००. रिपल म्हणजे करंट भागिले (१०० गुणिले कपॅसिटर). १.२ अँपिअर आणि १०,००० मायक्रोफॅरडला १.२ व्होल्ट, २२,००० ला सुमारे ०.५५. निव्वळ कपॅसिटर वाढवून गुणगुण पूर्ण जात नाही, कमी होते.

आता टप्पा १ मधला सॉकेटचा आकडा काढा. गावाकडे, आणि शहरातही काही भागांत, दिवसभरात व्होल्टेज २०० ते २५० फिरतो. रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) नसेल तर २३० ला २७ व्होल्ट देणारा सप्लाय २५० ला २९.३ देईल. या सर्किटमध्ये बायस करंट सप्लायच्या मागे जातो, म्हणून तोही सुमारे ९ टक्के वाढेल. दोन्ही गुणल्यावर उष्णता १८ टक्के वाढते. संध्याकाळी बसवलेला बायस पहाटे बदललेला दिसण्याचे कारण बहुधा हेच.

म्हणून माझा आग्रह रेग्युलेटरचा आहे, प्रत्येक चॅनेलला वेगळा एलएम३३८. एलएम३१७ इथे वापरू नका. तो १.५ अँपिअरचा आहे, आणि मोठ्या आवाजात वरचा ट्रान्झिस्टर सप्लायमधून क्षणभर त्याहून जास्त करंट ओढतो. मग रेग्युलेटर स्वतःला आवरतो आणि आवाज फाटतो. लोक दोष ट्रान्झिस्टरला देतात.

१. ट्रान्सफॉर्मर २६ व्होल्टचा, दोन चॅनेलना मिळून २०० व्हीए. कपॅसिटरच्या आधीचा एसी करंट डीसीच्या साधारण १.८ पट असतो: २.४ अँपिअरला ४.३. त्यामुळे '३ अँपिअर पुरेल' हा अंदाज चुकतो.
२. ब्रिज ३५ अँपिअरचा, धातूच्या तळावर स्क्रूने बसवलेला. तोही चार वॅट तापतो.
३. मुख्य कपॅसिटर प्रत्येक चॅनेलला २२,००० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे. सॉकेटवर २५० असताना बिनलोड व्होल्टेज ३९-४० ला जातो, तेव्हा ३५ व्होल्टचे कपॅसिटर नकोत.
४. एलएम३३८ च्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पिनमध्ये १२० ओहम, अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडला २.२ किलोओहम आणि ५०० ओहमचा ट्रिमर सिरीजमध्ये. २४ ते २९ व्होल्टपर्यंत फिरते. २७ वर आणा, ट्रिमर मोजा आणि जागी कायमचा रेझिस्टर घाला. तो ट्रिमर उघडा पडला तर पूर्ण इनपुट व्होल्टेज बोर्डावर जाईल.
५. रेग्युलेटरलाही हीटसिंक हवे. २५० व्होल्टला त्याच्यावर ११ व्होल्ट पडतात, म्हणजे प्रत्येकी १३ वॅट.
६. प्रायमरीत १.६ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज.

*तपासणी:* बोर्ड अजून जोडू नका. २७ व्होल्टवर २२ ओहम ५० वॅटचा रेझिस्टर लावा आणि दहा मिनिटे चालवा. व्होल्टेज हलता कामा नये. रेझिस्टर मात्र चांगलाच तापेल, तो टेबलाच्या लाकडावर ठेवू नका.

स्पीकर ४ ओहमचे असतील तर हा सगळा हिशोब बदलतो. तेवढ्याच १० वॅटसाठी व्होल्टेज कमी आणि करंट जास्त लागतो: साधारण २० व्होल्ट आणि १.७ अँपिअर. २७ व्होल्ट तसेच ठेवून करंट १.७ केला तर ४६ वॅट जळतील आणि हाती काही लागणार नाही.

टप्पा ४: ट्रान्झिस्टर निवडणे

हा परिच्छेद दोनदा वाचा, कारण सगळ्यात जास्त ट्रान्झिस्टर इथे जळतात. बूटस्ट्रॅपच्या दोन रेझिस्टरमधून जाणारा करंट ठरलेला असतो: १२.८५ व्होल्ट भागिले ६६० ओहम, म्हणजे १९.५ मिलिअँपिअर. तो दोन आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या बेसमध्ये वाटला जातो. बेसमध्ये ठरलेला करंट म्हणजे कलेक्टरचा करंट पूर्णपणे ट्रान्झिस्टरच्या करंट गेनवर अवलंबून, म्हणजे कलेक्टरचा करंट बेसच्या किती पट यावर.

दोघांचा गेन १२० असेल तर १.१७ अँपिअर. दोघांचा ६० असेल तर ०.५८, आणि अ‍ॅम्प्लिफायर थोड्याच आवाजात क्लास ए सोडतो. दोघांचा १५० असेल तर १.४६ अँपिअर, ३९ वॅट. बोर्डावरचा एकही रेझिस्टर न बदलता. 'फक्त ट्रान्झिस्टर बदलले' हे वाक्य म्हणूनच या सर्किटला लागू होत नाही.

मीटरवरच्या एचएफई (करंट गेन मोजण्याच्या) सॉकेटचा आकडा इथे कामाचा नाही, तो फार कमी करंटवर मोजतो. १ अँपिअरच्या आसपास मोजा:

१. ट्रान्झिस्टर हीटसिंकवर बसवा. ५ व्होल्ट ३ अँपिअरचा सप्लाय घ्या.
२. कलेक्टर ०.१ ओहममधून सप्लायला, एमिटर ग्राउंडला.
३. बेसला ३३० ओहममधून तेच ५ व्होल्ट द्या. बेस करंट १३ मिलिअँपिअर.
४. दोन-तीन सेकंदांत ०.१ ओहमवरचा व्होल्टेज वाचा आणि बेसची तार काढा. १३० मिलिव्होल्ट म्हणजे १.३ अँपिअर, म्हणजे गेन १००.

तार तशीच राहिली तर ट्रान्झिस्टर तापून आकडा चढत जातो आणि मोजमापाला अर्थ उरत नाही. चार घ्यायचे तर आठ मोजा आणि एका चॅनेलमधल्या दोघांचा गेन १० टक्क्यांच्या आत जुळवा.

याच चाचणीत बनावट मालही उघडा पडतो. २एन३०५५ आणि २एससी५२०० या दोन्ही नावांखाली बनावट ट्रान्झिस्टर फिरतात. एकाच पाकिटातल्या चार नगांचे गेन ३५, ९०, ४२, १४० असे आले तर सगळे परत करा.

ड्रायव्हरच्या (आउटपुट जोडीला चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) जागी छोटा टीओ-९२ ट्रान्झिस्टर असेल तर तो काढून बीडी१३९ लावा. तिथे १०-१२ मिलिअँपिअर आणि साडेतेरा व्होल्ट असतात, ०.१५ वॅटच्या जवळ. छोटा टिकतो, पण सतत भाजत राहतो. पिनांचा क्रम वेगळा आहे, तो तपासून घ्या.

टप्पा ५: बायस आणि मध्यबिंदू

५६० ओहम काढा. निवडलेल्या गेनवरून आधी हिशोब करा: दोन्ही बेसना मिळून हवा असलेला करंट म्हणजे १.२ भागिले (गेनचा निम्मा). गेन १०० असेल तर २४ मिलिअँपिअर, एकूण रोध ५३५ ओहम, त्यातून १०० वजा जाऊन ४३५. तेव्हा ३३० ओहमचा कायमचा रेझिस्टर आणि सिरीजमध्ये ५०० ओहमचा अर्ध्या वॅटचा मल्टिटर्न ट्रिमर. ट्रिमरची मधली पिन एका टोकाच्या पिनला जोडा. मधला स्पर्श सुटला तर रोध वाढेल, करंट कमी होईल आणि काही जळणार नाही. सप्लायच्या बाजूचा १०० ओहम २ वॅटचा ठेवा, पूर्ण आवाजात त्याच्यावर सिग्नलही पडतो.

१. ट्रिमर जास्तीत जास्त रोधावर, इनपुट शॉर्ट, आउटपुटला ८ ओहमचा रेझिस्टर.
२. पहिल्यांदा सिरीज बल्ब लावून चालू करा, ६० वॅटचा, तारेचा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल.
३. शॉर्ट नाही हे कळले की बंद करा आणि बल्ब काढा.

*सावधान:* सिरीज बल्बवर बायस कधीही बसवू नका. क्लास एबीचे (शांत असताना थोडाच करंट ओढणारे) अ‍ॅम्प्लिफायर बल्बवर बसवायची सवय असलेले मेकॅनिक इथे हमखास फसतात. जेएलएच सतत ऐंशी-नव्वद वॅट ओढतो, त्यामुळे बल्ब मंद पेटलेलाच राहतो आणि सप्लाय कधी २७ ला पोचत नाही. त्या अर्ध्या सप्लायवर करंट १.२ ला आणला आणि बल्ब काढला, की तो दुपटीच्या दिशेने उडी घेतो.

४. थेट सॉकेटवर चालू करा आणि आधी मध्यबिंदू पाहा. बोर्डावरच्या मध्यबिंदूच्या ट्रिमरने तो १३.५ वर आणा. तो ५ च्या खाली किंवा २० च्या वर चिकटला असेल तर लगेच बंद करा, जोडणीत चूक आहे.
५. करंट ०.९ अँपिअरवर आणा. १.२ वर नाही.
६. पाऊण तास थांबा. तापल्यावर गेन वाढतो आणि करंट आपोआप वर सरकतो.
७. मग हळूहळू १.२ वर आणा, मध्यबिंदू पुन्हा १३.५ करा, आणखी अर्धा तास थांबून दोन्ही तपासा. एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो, दोन-तीन फेऱ्या लागतातच.
८. स्थिर झाल्यावर ट्रिमर काढून मोजा आणि जवळचा १ वॅटचा रेझिस्टर लावा.

*तपासणी:* दोन तासांनी करंट १.१५ ते १.२५ मध्ये आणि हीटसिंक खोलीपेक्षा २५ अंशांच्या आत. करंट थांबायचे नाव घेत नसेल तर हीटसिंक अपुरे आहे. टप्पा २ वर परत जा, ट्रिमर फिरवून ते झाकू नका.

टप्पा ६: ऑसिलेशन

जुन्या संथ ट्रान्झिस्टरांसाठी केलेल्या बोर्डावर २एससी५२०० सारखे ३० मेगाहर्ट्झचे वेगवान ट्रान्झिस्टर बसवले की सर्किट ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःच वाजू लागू शकते. कानाला कळत नाही, म्हणून खुणा ओळखा: वायरजवळ हात नेल्यावर बायस करंट हलतो, आउटपुटचा कपॅसिटर किंवा रेझिस्टर विनाकारण गरम होतो, एक चॅनेल दुसऱ्यापेक्षा जास्त तापतो.

उपाय याच क्रमाने करा. ट्रान्झिस्टर ते बोर्ड वायर ७-८ सेंटिमीटरच्या आत आणा. बेसच्या पिनपाशीच ४.७ ओहम लावा. आउटपुटवर १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये ग्राउंडला द्या. सप्लायच्या पिनांपाशी बोर्डावरच ०.१ मायक्रोफॅरड असू द्या. एवढ्यावरही थांबले नाही तर ते ट्रान्झिस्टर या बोर्डासाठी नाहीत. एमजे१५००३ सारखा संथ प्रकार घ्या आणि टप्पा ४ पासून पुन्हा सुरू करा.

टप्पा ७: कपॅसिटर, आणि ग्राउंड

आउटपुटला २५०० मायक्रोफॅरड ८ ओहमबरोबर ८ हर्ट्झवर उतरतो. ४७०० केले तर ४ हर्ट्झच्या थोडे वर. त्यापुढे जाण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण चालू करतानाचा ठोका वाढत जातो: हा कपॅसिटर स्पीकरमधूनच साडेतेरा व्होल्टपर्यंत भरतो. आउटपुटवर १ किलोओहम १ वॅट कायम लावा, म्हणजे स्पीकर नंतर जोडला तरी ठोका बसणार नाही. इनपुटचा कपॅसिटर फिल्मचा लावायचा असेल तर जरूर लावा, तो बदल निर्धोक आहे.

ग्राउंडचे सगळे धागे एका बिंदूवर आणा. ब्रिजची निगेटिव्ह तार कपॅसिटरला जाऊ द्या आणि कपॅसिटरपासून वेगळी जाड तार त्या बिंदूवर. स्पीकरची परतीची तार, बोर्ड आणि इनपुट तिथे वेगवेगळे येतात. ब्रिज आणि कपॅसिटर यांच्यामधल्या तारेवर दुसरे काहीही जोडू नका, तिथून दर १० मिलिसेकंदाला मोठा झटका जातो.

गुणगुण राहिली तर आधी कान द्या. इनपुट शॉर्ट केल्यावर थांबली तर दोष इनपुटच्या वायरमध्ये किंवा ट्रान्सफॉर्मर फार जवळ असण्यात, ती ५० हर्ट्झची खोल घुमणारी असते. शॉर्ट करूनही राहिली आणि किरकिरी, १०० हर्ट्झची असली तर दोष ग्राउंडचा किंवा रेग्युलेटर दम सोडत असल्याचा. दुसऱ्या बाबतीत सॉकेटवरचा व्होल्टेज पाहा. २०० च्या खाली गेला असेल तर एलएम३३८ ला जागाच उरत नाही.

टप्पा ८: स्पीकर जोडण्याआधी

मोबाइलवरचा टोन जनरेटर ४०० हर्ट्झवर ठेवा, आउटपुटला ८ ओहमचा रेझिस्टर असू द्या आणि मीटर एसीवर. आवाज वाढवत जा. आउटपुट ८ ते ९ व्होल्टपर्यंत इनपुटच्या प्रमाणात वाढले पाहिजे, ८.९ म्हणजे १० वॅट. मोबाइलचा सिग्नल तिथवर पुरला नाही तर मधे प्रीअ‍ॅम्प लावा. ६ व्होल्टलाच अडकत असेल तर बायस किंवा मध्यबिंदू चुकला आहे, टप्पा ५. दोन्ही चॅनेलमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

मग स्पीकर जोडा, आधी जुने. आठवड्याने ०.१ ओहमवरचे मिलिव्होल्ट पुन्हा वाचा आणि वहीत पहिल्या आकड्यांशेजारी लिहा. एप्रिलच्या शेवटी, दुपारी तीनला, पंखा बंद करून आणखी एकदा.